पाचशे एक

फ्रीजच्या पोटात खडखडाट झाला आणि बर्फाचे दहाबारा तुकडे खालच्या खणात कोसळले. एरवी त्या आवाजाकडे कुणी ढुंकून पाहत नसे. पण मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेतला 'पाचशे एक' हा आकडा ऋताने तोंडाबाहेर काढला त्याला आता अर्धं मिनिट होत आलं होतं, आणि तेवढ्या वेळात सबनीसांच्या घरात कुणी मोठ्याने श्वाससुद्धा घेतला नव्हता. बर्फ पडला तसे सगळे एकदम दचकले. नीलाताईंच्या हातातला डाव पोह्यांच्या कढईवर ठण्णकन आपटला.

"कितीपैकी?" गुरुदत्तरावांनी चष्मा कपाळावर चढवत, रविवारच्या पोह्यांना आलेल्या सुनेला विचारलं.

"पाचशे अठ्ठावीसपैकी, बाबा."

गुरुदत्तरावांनी डोळे मिटून भागाकार केला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अगं, मग पंच्याण्णव टक्के झाले की! आणि तू मंगळवारपासून तोंड पाडून काय फिरतेस? नीला, साखर आण!"

"बाबा, प्लीज." लोणच्याच्या बरणीला टेकवलेल्या आयपॅडमधून सीमा म्हणाली. सीमा म्हणजे ऋताच्या नवऱ्याची, अमेयची, थोरली बहीण. ती तिकडे ॲरिझोनात, चँडलरला, लोकांची उन्हाने करपलेली कातडी बघायची, आणि रविवारी सकाळी मिनेसोटातल्या आईवडिलांची उत्तरं तपासायची. "एमकॅटचा स्कोअर झीरोपासून नाही सुरू होत. चारशे बहात्तरपासून होतो. नुसतं सेंटरवर जाऊन झोपा काढल्या ना, तरी फोर सेव्हन्टी टू मिळतात."

'झोपा' हा शब्द ऐकताच ऋताची नजर आयपॅडवरून हटली. तिने खाली मान घालून कोथिंबीर निवडायला घेतली. कोथिंबीर निवडलेलीच होती.

"म्हणजे खरे मार्क एकोणतीस?" गुरुदत्तराव हादरले. "छप्पनपैकी?"

"अर्धी मुलं तिच्या वर, अर्धी खाली," सीमा म्हणाली. "आणि मेडिकल स्कूल वरच्या अर्ध्यांतल्या पण सगळ्यांना घेत नाहीत."

नीलाताईंनी आणलेला साखरेचा डबा निमूटपणे परत फडताळात गेला.

"ठीक आहे." गुरुदत्तराव उठले. "एम अँड एम घेऊ."

अमेयने कपाळाला हात लावला. ऋताने नाही लावला, कारण तिचे हात कोथिंबिरीने भरले होते.

गुरुदत्तराव चौतीस वर्षं सर्जन होते. त्यांच्या हॉस्पिटलात दर गुरुवारी पहाटे सगळे सर्जन एका खोलीत जमायचे आणि त्या आठवड्यात जी केस बिघडली असेल ती उघडून बसायचे: काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. दोष कुणाला द्यायचा नाही, हा त्यातला पहिला नियम. त्या बैठकीचं नाव एम अँड एम, मॉर्बिडिटी अँड मॉर्टॅलिटी. ही पद्धत गुरुदत्तरावांना इतकी आवडली, की ती त्यांनी घरी आणली. अमेय तीन वेळा ड्रायव्हिंग टेस्ट नापास झाला त्याची एम अँड एम झाली होती. सीमाचा पहिला साखरपुडा मोडला त्याची झाली होती. मंडळाच्या पाडव्याला शंभर माणसांचं श्रीखंड आंबलं, त्याची तर दोन रविवार चालली. सगळं एका निळ्या फाइलमध्ये तारीखवार लावलेलं होतं. फक्त पहिला नियम तेवढा घरापर्यंत पोचला नव्हता.

तळघरातून नातीचा, अनयाचा, पांढरा फळा आला. त्याच्या कोपऱ्यात तिने काढलेला शिंगवाला घोडा होता; तो पुसायचा नाही, अशी ताकीद मिळाली. मग गुरुदत्तरावांचा जुना, गुडघ्यावर मारायचा रबरी हातोडा आला. हातोडा ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं, असा या घरचा रिवाज. सहा वर्षांच्या अनयाने तो आल्याआल्या ताब्यात घेतला. बालवाडीत वर्षभर रांगेत उभं राहून ती नुकतीच मोकळी झाली होती, आणि कुणाची पाळी आधी, या विषयात तिच्याइतकं कडक अख्ख्या ईडन प्रेरी गावात दुसरं कुणी नव्हतं.

"एव्हरीबडी गेट्स अ टर्न," ती म्हणाली. "फर्स्ट, बाबा."

अमेयने हातोडा घेतला आणि घसा साफ केला. "पेशंट चौतीस वर्षांची. राहणार मूळ नागपूर. शिक्षण एमएस्सी मायक्रोबायोलॉजी. लग्नानंतर इकडे. तीन वर्षांपासून डॉक्टर व्हायची तक्रार..."

"तक्रार?" ऋता म्हणाली.

"केस अशीच मांडतात, यार. मी नाही, बाबांनी शिकवलंय." तो फळ्याकडे वळला. "चार सेक्शन. एकशे सत्तावीस, एकशे सव्वीस, एकशे सत्तावीस. आणि हा उतारे वाचून उत्तरं द्यायचा. एकशे एकवीस."

गुरुदत्तराव त्या एकशे एकवीसकडे बघत राहिले, एक्स-रेवरच्या डागाकडे बघावं तसे. तीन भाग ठणठणीत आणि चौथ्याने मान टाकलेली. अनयाने हातोडा पोचवायच्या आतच त्यांनी निदान केलं.

"इंग्रजी. मराठी मीडियमची मुलगी. विज्ञान पक्कं, वाचन कच्चं."

"तुम्ही कुठल्या कॉन्व्हेंटात होता हो?" नीलाताई गॅसपासून म्हणाल्या. "कऱ्हाडला नगरपालिकेच्याच शाळेत ना?"

"आजी! नॉट युअर टर्न!"

नीलाताईंनी तोंडावर बोट ठेवलं आणि पोह्यांवर झाकण.

ऋता कोथिंबिरीच्या काड्या मोडत राहिली. तिला काय हवंय हे तिने तीन वर्षांत या टेबलावर फार वेळा सांगितलं होतं, आणि खरं कारण एकदाही सांगता आलं नव्हतं. आठवड्यातले तीन दिवस ती एका क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या मागे लॅपटॉप घेऊन उभी राहायची आणि ते बोलतील ते टाइप करायची. डॉक्टर विचारायचे, कधीपासून दुखतंय? म्हातारी सांगायची. आणि डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न ऋताच्या बोटांत येऊन थांबलेला असायचा. कधीकधी डॉक्टर तो विचारायचे. कधी विचारायचेच नाहीत, आणि पेशंट दारातून निघून जायचा, आणि तो न विचारलेला प्रश्न घेऊन ती घरी यायची, वरणाला फोडणी द्यायची. हे अर्जात कसं लिहायचं? तिने लिहिलं होतं. गुरुदत्तरावांनी त्यावर लाल पेनने शेरा मारला होता: 'भावनेचा भाग कमी, पुरस्कार वाढव.'

आता अर्ज भरायची खिडकी या गुरुवारी उघडणार होती. पाचशे एकवर भरला तर जवळपास सगळीकडून नकार. नाही भरला तर आणखी एक वर्ष. आणि ऋताला भीती नकाराची नव्हती, त्या एका वर्षाची होती. या घरात एकदा 'पुढच्या वर्षी' म्हटलेल्या गोष्टी कुठे जातात, ते तिने पाहिलं होतं. तळघरात संवादिनी होती. गराजमध्ये वल्हवायची कयाक होती.

"माय टर्न," आयपॅड म्हणाला. अनयाने हातोडा बरणीसमोर आडवा ठेवला. "हे बघ ऋता, स्ट्रेट सांगते. या जूनमध्ये अप्लाय करू नकोस. परीक्षा परत दे. मधल्या काळात एखादा कठीण सायन्सचा कोर्स घे आणि त्यात ए आण, हॉस्पिसमध्ये मरणाला टेकलेल्यांजवळ बसतेस ते तास वाढव, आणि शिफारशीची लेटर्स अशा लोकांकडून घे ज्यांनी तुला खरंच काम करताना पाहिलंय."

"लेटर मी लिहिलंय," गुरुदत्तराव म्हणाले आणि खिशातून घडी काढली.

"बाबा, घरच्यांचं लेटर चालत नाही."

"ऐक तर आधी." त्यांनी चष्मा खाली आणला आणि इंग्रजीतलं पत्र मराठीत सांगत सुटले. "डॉक्टर ऋता, म्हणजे भावी डॉक्टर, ही अत्यंत सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष असून तिचं घराणं सुशिक्षित आहे. वडील निवृत्त मुख्याध्यापक. उंची पाच फूट चार इंच..."

"उंची?" अमेय म्हणाला.

"ऑपरेशन टेबलाला उंची लागते!"

"बाबा, हे तिच्या लग्नाच्या वेळी तिच्या बाबांनी पाठवलेलं पत्र आहे," सीमा म्हणाली. "तुम्ही ते ट्रान्सलेट केलंय."

गुरुदत्तराव क्षणभर विचारात पडले. "तेव्हा त्यावर आपण हो म्हटलं होतं ना?" ते म्हणाले. "मग?"

ऋताला हसू आलं. गेल्या पाच दिवसांतलं पहिलं. पण गुरुदत्तराव पत्राची घडी घालता घालता पुढच्या मुद्द्यावर पोचले होते. "बरं, लेटर राहू दे. ओहायोत माझ्या बॅचचा राजेश डीन होता. त्याला ईमेल टाकतो."

"होता?" सीमाने विचारलं.

"गेला बिचारा मागच्या हिवाळ्यात. पण त्याची सेक्रेटरी मला ओळखते."

अमेयने हातोडा परत मागून घेतला. त्याने ऋताकडे न बघता बोलायला सुरुवात केली, तेव्हाच ऋता समजली की शुक्रवारी गाडीत 'मी तुझ्या साइडला आहे' म्हणालेला नवरा आता ती साइड सोडतोय. "मला काय वाटतं, लोड जास्त होतोय. क्लिनिक, हॉस्पिस, अनया, घर. एक वर्ष ब्रेक घे. किंवा फिजिशियन असिस्टंटचा विचार कर. दोनअडीच वर्षांत संपतं. आय मीन, ऑलमोस्ट तेच काम आहे."

"तू ऑलमोस्ट इंजिनियर झालास का?" नीलाताईंनी विचारलं.

"आजी!" अनया किंचाळली. "लास्ट वॉर्निंग!"

"ठरलं तर," गुरुदत्तरावांनी निर्णय दिला. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत 'कारण: वाचन' असं लिहिलं होतं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. "परीक्षा परत द्यायची. उद्यापासून रोज संध्याकाळी सहा ते आठ मी तिचं इंग्रजी वाचन घेणार. मोठ्याने. अग्रलेखापासून सुरुवात. मी उच्चारही बघीन."

सहा ते आठ. रोज. ऋताच्या डोळ्यांसमोर बाबांचा तो लाल पेन आला, आणि पुढचं अख्खं वर्ष आलं: निदान चुकलेलं आणि उपचार चोख. क्लिनिकमध्ये तिने हे पाहिलं होतं. चुकीचं औषध माणूस निमूटपणे घेत राहतो, का, तर खरं दुखणं सांगायची लाज वाटते.

तिने कोथिंबीर खाली ठेवली आणि अनयापुढे हात केला. "हातोडा दे."

अनयाने दिला.

"वाचन कच्चं नाहीये, बाबा," ऋता म्हणाली. "मला झोप लागली."

"कधी?"

"परीक्षेत. त्या सेक्शनला. चोवीस मिनिटं."

फ्रीजसुद्धा गप्प राहिला.

मग सगळं बाहेर आलं. परीक्षेच्या आठवड्यात अनयाचा कान ठणकत होता आणि अमेय कंपनीच्या कामासाठी दूर बॉथेल गावाला गेला होता. पाच रात्री ऋताने कडेवर सहा वर्षांची मुलगी घेऊन दिवाणखान्यात फेऱ्या मारल्या. शनिवारी सेंटरवर त्यांनी आवाज बंद करणारे हेडफोन दिले. पहिला भाग झाला, छान गेला. दुसऱ्याला तिने पुन्हा हेडफोन कानांवर चढवले, पहिला उतारा उघडला, जुन्या काळातल्या दीपगृहांविषयी होता, आणि तिच्या लक्षात आलं की कुणीही तिला हाक मारत नाहीये. सहा वर्षांत पहिल्यांदा. मऊ खुर्ची, थंडगार खोली, आणि कुणालाही शू आलेली नाही. तिने फक्त एक क्षण डोळे मिटले.

"जाग कशी आली?" सीमाने विचारलं.

"माझं मलाच वाटलं, अनया रडतेय. खाडकन उठले. स्क्रीनवर चोवीस मिनिटं कमी झालेली." तिने हातोडा दुसऱ्या हातात घेतला. "आणि सांगू? पहिल्यांदा वाईट नाही वाटलं. पहिल्यांदा वाटलं, काय मस्त झोप लागली होती."

आयपॅडमधून फुर्रकन आवाज आला. सीमा तोंड दाबून हसत होती. मग तिने दाबणं सोडलं. अमेय हसायला लागला आणि बॉथेल आठवून मध्येच थांबला. "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"तू ब्रेक घे म्हणाला असतास."

पाचच मिनिटांपूर्वी तो तेच म्हणाला होता.

गुरुदत्तरावांना मात्र हसावं की रागवावं ते कळेना. "रेसिडेन्सीत मीही उभ्याउभ्या झोपलोय," ते म्हणाले. "पण परीक्षेत? परीक्षेत कोण झोपतं? ज्याला मनापासून डॉक्टर व्हायचंय तो माणूस..."

वाक्य तिथेच राहिलं, कारण नीलाताईंनी गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि ऋताच्या हातातून हातोडा काढून घेतला.

"आता माझा टर्न, अनू. हो ना?"

"यस, आजी."

"शिकागो, एकोणीसशे चौऱ्याऐंशी," नीलाताई म्हणाल्या. "बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरांची परीक्षा."

घरात सगळ्यांना ठाऊक होतं की आजींनी मिरजेला एमबीबीएस केलंय. जुनी पदवी कपाटात होती, तळाशी, पैठणीच्या घडीत. अमेरिकेत परीक्षा अवघड गेली, मग मुलांचं सुरू झालं, मग राहून गेलं. ही हकीकत ऋताने लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ऐकली होती, आणि तिला कधी शंका आली नव्हती.

"सीमा तीन महिन्यांची. तिला शेजारच्या वसुधाकडे ठेवलं होतं. यांची ड्यूटी होती. सकाळचा पेपर मी झरझर सोडवला. दुपारच्याला बसले आणि तासाभरात अंगावरचं दूध भरून आलं. ब्लाउज ओला, पदर ओला. हॉलमध्ये सगळे पुरुष. बाहेर जायचं तर परत आत घेत नव्हते. मी अर्धा तास पदर घट्ट धरून लिहिलं. मग उठले. अर्धा पेपर कोरा ठेवून आले."

अमेयने आयपॅड आईकडे वळवला.

"आई," आयपॅडमधून सीमाचा अगदी लहान आवाज आला. "म्हणजे माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे कशाला, बाळ? तू भुकेच्या वेळेला भूक लावून घेतलीस. त्या हॉलचं नियोजन वाईट होतं." नीलाताईंनी हातोडा हलकेच तळव्यावर आपटला. "पेपर सोपा होता, अहो."

"मला कधी सांगितलं नाहीस तू," गुरुदत्तराव म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत? घरी आलात, बूट काढले, म्हणालात, अवघड होता ना? जाऊ दे. मी म्हटलं, जाऊ दे." त्यांनी निळी फाइल पुढे ओढली. "यात श्रीखंडाची एम अँड एम आहे. सतरा पानं. माझी नाहीये."

गुरुदत्तरावांनी फाइल उघडली, जणू खात्री करून घ्यायला, आणि पहिलं पान उलटून मिटली. "आता लावू का केस?" त्यांनी विचारलं. एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलताना ऋताने कधी ऐकलं नव्हतं.

"आता ऋताची चालू आहे. एका वेळी एक." नीलाताईंनी फळ्यावरच्या दोन रेघा तळहाताने पुसल्या, घोड्याला धक्का न लावता, आणि लिहिलं: 'कारण: झोप. उपाय: झोप.' मग त्या वळल्या, आणि पोह्यांत मीठ किती घालायचं ते सांगावं तितक्या सहज हुकूम सोडत गेल्या. सीमा म्हणते तसंच. या वर्षी अर्ज नाही, परीक्षा जानेवारीत, अर्ज पुढच्या जूनला. शनिवार-रविवार ऋताने सकाळी सातला इथे यायचं, तळघरात दार लावून अख्खे साडेसात तास सराव परीक्षा द्यायची, आणि त्या आठवड्यात झोप कमी झाली असेल तर परीक्षा नाही, नुसतं झोपायचं. दूध उतू गेलं, ताप आला, कान दुखला, तरी दार वाजवायचं नाही. अमेयने परीक्षेच्या महिन्यात बॉथेलला जायचं नाही.

"जानेवारीत रिव्ह्यू असतो आमचा..."

"बॉथेल कुठे पळून जात नाही."

"येस, आई."

"आणि तुम्ही," त्या गुरुदत्तरावांना म्हणाल्या. "अनूचा डबा. रोज. मोठ्याने वाचन करायचं असेल तर भाज्यांसमोर करा."

गुरुदत्तरावांनी मान हलवली आणि फाइलमध्ये नवीन कोरा कागद लावून तारीख घातली. मग थोडं थांबून त्याच्यामागे आणखी एक कोरा कागद लावला. त्यावर त्यांनी फक्त '१९८४' लिहिलं. नीलाताईंनी ते पाहिलं, पण पोहे वाढायला घेतले.

ऋताला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. तेच एक वर्ष होतं, ज्याची तिला मंगळवारपासून धास्ती होती. पण आता त्यातल्या शनिवारांवर आईंचं नाव होतं, डब्यांवर बाबांचं, आणि तळघराला कडी होती. तिने सासूच्या हातातली बशी घेतली. नीलाताईंच्या बोटांना हळद लागली होती आणि फळ्याची निळी शाई. ती बोटं ऋताच्या मनगटावर एक क्षण थांबली. नाडीवर थांबावीत तशी.

"पोहे गार होतील," नीलाताई म्हणाल्या.

अनयाने सगळ्यांसमोरून हातोडा गोळा केला. ती बोटांवर काहीतरी मोजत होती: बाबा, आजोबा, सीमाआत्या, आई, आजी. पुन्हा पहिल्यापासून. हिशेब कुठेतरी चुकत होता. तिने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा फळ्याकडे, आणि मग ऋताच्या बाहीला धरून ओढलं. आजीच्या गोष्टी ती नेहमी मराठीतच विचारायची.

"आई, तू डॉक्टर झालीस की मग आजीचा टर्न कधी?"